नकाशावर टिंब नको, चौकोन आखा

पत्र : मी मूळची सांगलीची, लग्नानंतर डॅलसला आले. माझ्या नवऱ्याचं घराणं शेजारच्या ओक्लाहोमातलं. आजेसासूबाई नेहमी सांगतात, ‘आमची माणसं चिकासॉ जमिनीवर राहायची, आम्ही चिकासॉच.’ (चिकासॉ ही अमेरिकेतली एक मूलनिवासी जमात.) घरातल्या जुन्या बायबलच्या पहिल्या पानावर शाईने लिहिलंय : ‘वुडव्हिल, आय.टी., १८९९’. बाकी कागद नाही. मी इंडियन टेरिटरीचा, म्हणजे ओक्लाहोमा राज्य होण्याआधी मूलनिवासी जमातींसाठी राखलेल्या तिथल्या मुलखाचा, जुना नकाशा मोठा छापून घेतला. त्यात वुडव्हिल मिळालं, पण आजच्या नकाशात ते गाव भलतीकडेच दिसतं. येत्या उन्हाळ्यात आजेसासूबाईंना नव्वद पूर्ण होतील. तेव्हा या नकाशावर घराची जागा खुणावून, फ्रेम करून त्यांना द्यायचा विचार आहे. नवऱ्याच्या मते हे सगळं ऐकीव. ती जागा शोधायची कशी? चिकासॉ जमिनीवर राहत होते म्हणजे ते चिकासॉच ना? आणि तसं असेल तर आमच्या मुलांची नोंद होईल का? – डॅलसची सून

उत्तर :

प्रिय सूनबाई,

तुमचा दुसरा प्रश्न आधी घेते. चिकासॉ जमिनीवर राहणारं कुटुंब चिकासॉ असेलच असं नाही. १८९९ साली तर तिथली बहुसंख्य माणसं चिकासॉ नव्हती. १९०० च्या जनगणनेत चिकासॉ नेशनच्या, म्हणजे जमातीचा स्वतःचा कारभार असलेल्या मुलखाच्या, हद्दीत लाखाहून अधिक माणसं मोजली गेली आणि त्यांत स्वतः चिकासॉ होते काही हजार. बाकीचे कोण? टेक्सस, आर्कान्सा, टेनेसीकडून आलेले गोरे शेतकरी, चिकासॉ मालकांच्या गुलामगिरीतून सुटलेली काळी कुटुंबं, रेल्वेच्या मागोमाग आलेले दुकानदार आणि मजूर. तुमच्या सांगलीकडच्या गाव नकाशावर गट नंबर दिसतो, पण मालक कोण आणि कूळ कोण हे सातबाऱ्यावर बघावं लागतं. इथेही तसंच आहे. नकाशा तुम्हाला घरापाशी नेईल. त्या घरातली माणसं कोणत्या हक्काने तिथे होती, हे मात्र याद्यांमध्ये आणि अर्जांमध्ये शोधावं लागेल.

आता जमिनीविषयी. ‘चिकासॉ जमीन’ या नावाखाली दोन प्रदेश येतात आणि शोध घेणाऱ्यांचा पहिला गोंधळ इथेच होतो. मूळ देश मिसिसिपी नदीच्या पूर्वेला होता : आजच्या मिसिसिपी राज्याचा उत्तर भाग, पश्चिम टेनेसी, अलाबामाचा वायव्य कोपरा आणि केंटकीचं पश्चिम टोक. त्यातला टेनेसी आणि केंटकीचा भाग १८१८ च्या तहात गेला आणि राहिलेला १८३२ च्या पाँटोटॉक क्रीकच्या तहात. पुढे १८३७ मध्ये डोक्सव्हिल इथे चिकासॉ लोकांनी चॉक्टॉ या दुसऱ्या मूलनिवासी जमातीच्या पश्चिमेकडच्या प्रदेशात राहण्याचा हक्क ५ लाख ३० हजार डॉलर मोजून घेतला, आणि त्याच वर्षी स्थलांतर सुरू झालं. वाडवडिलांची भूमी सोडायची आणि तिच्याच विक्रीच्या पैशातून दुसऱ्याच्या मुलखात जागा विकत घ्यायची, ही वेळ या लोकांवर आणली गेली. तुमच्या छापील नकाशावरचा तो रंगीत तुकडा बघताना एवढं लक्षात असू द्या.

१८५५ च्या तहाने चिकासॉ नेशनला चॉक्टॉपासून वेगळं राज्य चालवता आलं, १८५६ मध्ये त्यांची राज्यघटना झाली, टिशोमिंगो राजधानी ठरली. काउंट्या चार : पॅनोला, पिकन्स, पाँटोटॉक आणि टिशोमिंगो. यांतली नावं लोकांनी जुन्या देशातून सोबत आणलेली. त्यामुळे एखाद्या कागदावर नुसतं ‘पाँटोटॉक’ दिसलं तर थांबा. मिसिसिपी राज्यात पाँटोटॉक काउंटी आहे, चिकासॉ नेशनमध्ये होती आणि आजच्या ओक्लाहोमातही आहे, पण ती जुन्या हद्दीची नाही. टिशोमिंगोची कथा थोडीफार अशीच. साल आणि राज्य बघितल्याशिवाय अशी नोंद आपल्या घराण्याच्या नावावर चढवू नका.

तुमच्या बायबलमधलं ‘आय.टी.’ म्हणजे इंडियन टेरिटरी. म्हणजे तुमचा शोध ओक्लाहोमातल्या चिकासॉ नेशनमध्ये, त्यातल्या पिकन्स काउंटीत सुरू होतो. १६ नोव्हेंबर १९०७ ला ओक्लाहोमा राज्य झालं, जुन्या काउंट्या मोडल्या आणि वुडव्हिल मार्शल काउंटीत आलं.

ते गाव भलतीकडे का दिसतं? कारण जुनं वुडव्हिल पाण्याखाली आहे. रेड नदीवरचं डेनिसन धरण १९४४ मध्ये पुरं झालं, लेक टेक्सोमा भरला आणि गाव हलवावं लागलं. आज ज्याला वुडव्हिल म्हणतात ती नवी वसाहत. आजचा नकाशा इथे तुम्हाला चुकवणारच. म्हणून धरणाआधीचा नकाशा हवा आणि तुमच्याकडे आहे त्याहून पुष्कळ मोठ्या प्रमाणावरचा. सबंध इंडियन टेरिटरी एका कागदावर दाखवणाऱ्या नकाशात गावाचं नाव लिहायला जेवढी जागा लागते, तेवढ्यात खऱ्या जमिनीवरची डझनभर शेतं बसतात. असे नकाशे भिंतीवर शोभतात, पण घर शोधायला उपयोगाचे नाहीत.

दोन प्रकारचे नकाशे कामाचे. एक, अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याचे १९०० च्या आसपासचे स्थलदर्शक नकाशे. खात्याच्या ‘टोपोव्ह्यू’ या संकेतस्थळावर ते फुकट उतरवून घेता येतात. त्यांत वाटा, ओढे, चढउतार आणि घरांचे बारीक काळे ठिपकेही असतात. दुसरे, जमीन मोजणीचे टाउनशिप नकाशे आणि मोजणीदारांच्या वह्या. चिकासॉ नेशनची मोजणी १८७० च्या दशकात एकदा झाली आणि जमीन वाटपाच्या (त्याविषयी पुढे) आधी, १८९० च्या दशकाच्या अखेरीस, पुन्हा झाली. हे कागद केंद्र सरकारच्या भूमी व्यवस्थापन कार्यालयाच्या संकेतस्थळावर बघता येतात. साखळी ओढत जाणारा मोजणीदार वाटेत लागलेलं कुंपण, नांगरलेलं शेत, गाडीवाट, घर टिपून ठेवायचा आणि कधी कधी शेतकऱ्याचं नावही लिहायचा. वह्या रटाळ आहेत, अक्षर वाईट आहे, पण मला विचाराल तर सगळ्या सुंदर रंगीत नकाशांपेक्षा या वह्यांवर तुमचे डोळे खर्च व्हावेत.

पण आपल्या माणसांचा ठिपका कोणता, हे ठरवायला आधार लागेल. तो आधार १९०० च्या जनगणनेत आहे. ही जनगणना फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर पैसे न भरता बघता येते. इंडियन टेरिटरीच्या पानांवर माथ्याशी नेशनचं नाव आणि बहुतेक ठिकाणी टाउनशिप व रेंजचे आकडे आहेत. तेवढ्यावर घराचा माग एका चौकोनापर्यंत लागतो.

हे आकडे वाचायचे कसे, ते सांगते. आर्बकल किल्ल्याच्या दक्षिणेला साधारण मैलभर अंतरावर १८७० मध्ये एक आरंभबिंदू रोवला गेला. तिथून उभी रेघ गेली ती ‘इंडियन मेरिडियन’, आडवी गेली ती आधाररेषा. ओक्लाहोमाचा पश्चिमेकडचा चिंचोळा पट्टा वगळला तर सगळं राज्य याच बिंदूवरून मोजलेलं आहे. रेघांच्या दोन्ही अंगांना सहा सहा मैलांचे चौकोन पाडले, त्या प्रत्येकाला टाउनशिप म्हणायचं. समजा तुमच्या पानावर ‘टाउनशिप ७ साउथ, रेंज ६ ईस्ट’ असं आहे. मग आरंभबिंदूपासून दक्षिणेला सातवा आणि पूर्वेला सहावा चौकोन शोधा. त्या एका चौकोनात मैलभर लांबीरुंदीचे ३६ सेक्शन. त्यांची मोजणी ईशान्य कोपऱ्यातून सुरू होते, पहिली ओळ पूर्वेकडून पश्चिमेकडे, दुसरी उलट, अशी वळत वळत आग्नेय कोपऱ्यात ३६ वर संपते. सेक्शन ६४० एकरांचा. जनगणना तुम्हाला टाउनशिपपर्यंत आणते, सेक्शन सांगत नाही.

पान सापडलं की आपल्या माणसांची ओळ टिपून तिथेच थांबू नका. आधीची आणि नंतरची दोनदोन पानं उतरवून घ्या. गणना करणारा दारोदार फिरत होता, त्यामुळे शेजारी क्रमाने येतात. त्या शेजाऱ्यांपैकी एखादा चिकासॉ असेल आणि त्याची जमीन पुढे वाटपाच्या नकाशावर सापडली, तर तुमचं घर त्याच्या आसपास होतं असं म्हणायला जागा होते. आणखी एक बघा : पान साध्या नमुन्यातलं आहे की आदिवासी लोकसंख्येच्या खास नमुन्यातलं? त्या खास नमुन्यात माणसाची जमात, आईची, बापाची, असे जादा रकाने असतात. पूर्वजांची नोंद तिथे निघाली तर आजेसासूबाईंच्या बोलण्याला पहिला भक्कम टेकू मिळाला समजा. साध्या पानावर निघाली तरी लगेच निकाल देऊ नका, गोऱ्या पुरुषाशी लग्न झालेल्या चिकासॉ बाईचं घर तिथेही येऊ शकतं. १९०० च्या मागे मात्र मोठी पोकळी आहे. १८९० चे कागद १९२१ च्या आगीमुळे गेले, आणि १८७० व १८८० च्या सर्वसाधारण जनगणनेत इंडियन टेरिटरी धरलेलीच नव्हती.

जुना नकाशा आजच्या नकाशावर बसवताना नदीच्या वळणांचा आधार घेऊ नका. रेड नदी पात्र बदलत आलेली आहे आणि तुमच्या भागात तर आता सरोवरच आहे. सेक्शनचे कोपरे धरा. ओक्लाहोमाच्या ग्रामीण भागातले रस्ते अजून सेक्शनच्या रेघांवरून जातात, त्यामुळे पाण्याबाहेर राहिलेले दोनतीन चौक जुळले की बाकीचं आपोआप जागेवर येतं. घराण्यातल्या कुणाची कबर त्या भागात असल्याचं कुणी सांगितलं, तर धरणाच्या वेळी हलवलेल्या कबरींच्या नोंदींची चौकशी करा. मूळ दफनभूमीचं नाव कळलं तर शोध आणखी आवळता येतो.

आता माणसं कोण होती त्याकडे वळू. १८९३ मध्ये नेमलेल्या डॉझ आयोगाने पुढच्या दशकभरात याद्या केल्या. सामाईक जमीन तोडून माणशी वाटायची, हा त्यामागचा हेतू. चिकासॉ नेशनमध्ये जमीन कुणा एकाच्या मालकीची नव्हती, नागरिक ती कसू शकत, राखू शकत. १८९८ च्या कर्टिस कायद्याने ती व्यवस्था मोडली. याद्यांचे भाग वेगळे : रक्ताने चिकासॉ, लग्नाने नागरिक झालेले गोरे आणि फ्रीडमन, म्हणजे पूर्वी गुलाम असलेले आणि त्यांची मुलंबाळं. प्रत्येक कुटुंबाच्या कार्डावर त्यांचं पोस्ट ऑफिस लिहिलेलं आहे. तुमच्या हातात वुडव्हिल हे नाव आहे, म्हणून आडनावाबरोबर त्या पोस्टाचीही तपासणी करा. मात्र पोस्ट ऑफिस म्हणजे गाव नव्हे. आसपासच्या शेतांवरची माणसंही टपाल तिथूनच न्यायची.

कार्डावर नाव नसेल तर फेटाळलेले अर्ज बघा. लोक ही पायरी सोडून देतात, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण घराण्याची तपशीलवार कहाणी बहुतेक वेळा तिथेच असते. नागरिकत्वाचे हजारो दावे नाकारले गेले. काही खालच्या न्यायालयात मंजूर झाले आणि १९०२ ते १९०४ या काळात खास स्थापलेल्या चॉक्टॉ-चिकासॉ नागरिकत्व न्यायालयाने उलटवले. आई कोण, आजी कुठे जन्मली, कुठून कुठे आलात, असे प्रश्न आणि त्यांची शपथेवरची उत्तरं त्या फायलींत आहेत. राष्ट्रीय अभिलेखागाराची फोर्ट वर्थ शाखा तुम्हाला डॅलसहून जवळ आहे. ओक्लाहोमा सिटीतली राज्य इतिहास संस्था आणि सल्फर इथलं चिकासॉ नेशनचं होलिसो संशोधन केंद्र हीदेखील विचारण्याची ठिकाणं.

फ्रीडमन यादीबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. वडील चिकासॉ असले तरी आई पूर्वी गुलाम असेल तर मुलांना त्या यादीत टाकलं गेलं, अशी उदाहरणं आहेत. चिकासॉ नेशनने आपल्या फ्रीडमन लोकांना नागरिक करून घेतलं नाही. चिकासॉ नागरिकाच्या वाट्याला सरासरी प्रतीची ३२० एकर जमीन आली, फ्रीडमनच्या वाट्याला ४० एकर. तुमच्या घराण्याचा धागा त्या यादीत निघाला तर तो तिथल्या मातीत कुणाहूनही कमी रुजलेला नव्हता, आणि घरी तसंच सांगा.

वाटपाच्या नकाशांवर नावं असतात, म्हणून ते हाती पडले की हुरळून जायला होतं. तिथे जरा दम धरा. वाटपाची जमीन म्हणजे राहतं घर असं समीकरण नाही. चिकासॉ आणि चॉक्टॉ यांची जमीन सामाईक होती, त्यामुळे चिकासॉ माणूस चॉक्टॉ हद्दीत वाटा निवडू शकत होता आणि उलटही. बरेच जण घराभोवतीचा तुकडा ‘होमस्टेड’ म्हणून घेत आणि उरलेला हिस्सा कुठेतरी लांबचा पदरात पडे. शिवाय एकर जमिनीच्या प्रतीप्रमाणे कमीजास्त होत. एका माणसाच्या नावाने चार ठिकाणी तुकडे दिसले तर घाबरू नका, ‘होमस्टेड’ लिहिलेला आधी बघा.

आणि यादीत कुठेच नाव नाही असं निघालं तर? मग तुमची माणसं परवान्यावर राहिलेली कुळं असण्याची शक्यता मोठी. बिगर-नागरिकांना नेशनचा परवाना काढावा लागे, जमीन विकत घेता येत नसे. म्हणून त्या काळातलं खरेदीखत शोधण्यात महिने घालवू नका, ते नव्हतंच. अशी कुटुंबं वर्षादोनवर्षांनी शेत बदलायची, त्यामुळे १८९९ ची वुडव्हिलची नोंद आणि १९०० ची जनगणना एकाच घराची असेल असं गृहीत धरू नका. रेड नदीपलीकडे टेक्ससची ग्रेसन काउंटी आहे. लग्नाची नोंद तिथल्या शेर्मनच्या कोर्टात मिळते का बघा. १९३० च्या दशकात ओक्लाहोमातल्या म्हाताऱ्या माणसांच्या हजारो मुलाखती घेऊन टंकलिखित केल्या होत्या, ‘इंडियन पायोनियर पेपर्स’ नावाने त्या ओक्लाहोमा विद्यापीठाकडे आहेत. त्यात वुडव्हिल टाकून शोधा. शेजारच्या कुणीतरी कापसाचा जिन, ओढा, शाळा यांचं वर्णन केलेलं असलं तर तेही तुमच्या नकाशाचंच काम करेल.

उलट, रक्ताने चिकासॉ असल्याचं सिद्ध झालं तर शोध एक पायरी मागे, मिसिसिपीत जातो आणि तिथे नकाशे फार बोलके आहेत. १८३४ च्या तहाप्रमाणे चिकासॉ कुटुंबांना जुन्या देशात जमिनी नावावर मिळाल्या : दहा किंवा जास्त माणसांच्या कुटुंबाला चार सेक्शन, पाच ते नऊ असतील तर तीन, पाचाहून कमी असतील तर दोन, आणि गुलाम बाळगणाऱ्याला वर आणखी. या जमिनी ‘चिकासॉ मेरिडियन’वरून मोजल्या, इंडियन मेरिडियनवरून नव्हे. दोन्हींचे टाउनशिप-रेंजचे आकडे सारखे दिसतात, तेव्हा मेरिडियनचं नाव वाचल्याशिवाय चौकोन शोधू नका. आणि बायकांची नावं शोधा. गोऱ्या नवऱ्याची चिकासॉ बायको हयात असेल तर जमीन तिच्या नावाने राहील आणि तिच्या संमतीवाचून नवऱ्याला ती विकता येणार नाही, असं त्या तहातच लिहिलं होतं. चिकासॉ समाजात वंश आईकडून चालायचा. नवऱ्याचं आडनाव धरून बसलात तर नेमकी हीच नोंद निसटेल.

भेटीच्या नकाशाबद्दल माझं स्पष्ट मत : टिंब देऊ नका. पुरावा टाउनशिपपर्यंतचा असेल तर सहा मैलांचा चौकोन आखा. सेक्शन कळला तर मैलाचा. खाली बारीक अक्षरात ‘१९०० च्या जनगणनेवरून’ असं लिहा. नव्वदीच्या आजींना दिलेली खूण पुढची पिढी पुरावा म्हणून मानते, आणि अंदाजाने मारलेलं टिंब पतवंडांच्या तोंडी ‘आमचं घर’ होऊन बसतं. सरोवराची आजची किनाररेषा फिक्या निळ्या रंगात वरून काढलीत तर गाव कुठे गेलं हेही त्यांना दिसेल.

फ्रेम करण्याआधी त्यांच्यासमोर तो भूगर्भ खात्याचा नकाशा पसरा आणि बोलतं करा. ‘आपण चिकासॉ ना?’ असं विचारू नका, त्याचं उत्तर ठरलेलं आहे. पाणी कुठून आणायचे, गिरणी कुठे होती, कापूस कुठे नेत, शाळेला जाताना ओढा ओलांडावा लागे का, चर्च कुणाचं, नदीपलीकडे कशासाठी जात, शेताचा धनी कोण होता, हे विचारा. त्यांनी स्वतः पाहिलेलं किती आणि त्यांच्या आजीकडून ऐकलेलं किती, हे वेगवेगळं लिहून ठेवा. यजमानांनाही बसवा. ऐकीव म्हणून सोडून दिलेल्या गोष्टीत एखाद्या ओढ्याचं नाव खरं निघतं आणि तेवढ्यावर सेक्शन सापडतो. शोधाचा शेवट त्यांच्या समजुतीच्या विरुद्ध झाला तर वाढदिवसाच्या टेबलावर तो जाहीर करू नका. नंतर, एकट्या असताना, कागद दाखवून सांगा.

मुलांच्या नोंदणीचं उत्तर सरळ आहे. चिकासॉ नेशनचं नागरिकत्व डॉझच्या अंतिम यादीत रक्ताने चिकासॉ म्हणून नोंदलेल्या माणसाच्या थेट वंशजांना मिळतं. रक्ताचा किमान अंश ठरलेला नाही, पण त्या माणसापासून मुलांपर्यंत प्रत्येक पिढीचा जन्माचा पुरावा लागतो. फ्रीडमन यादीतलं किंवा लग्नाने नागरिक झालेल्याचं नाव त्यासाठी चालत नाही, डीएनए चाचणी चालत नाही, आणि नकाशा तर नाहीच. तेव्हा आधी यादीतलं नाव आणि त्याचा क्रमांक हाती येऊ द्या, मगच एडा इथल्या नेशनच्या मुख्यालयाकडून अर्ज मागवा.